गाडी अडली, विमान चुकलं, व्हिसा संपत आला: कोकणात अडकलेल्या परदेशी पाहुण्यासाठी काय करायचं

१४ जुलै २०२४, रविवार. खेडजवळ दिवाणखवटीला रुळांवर दरड आली आणि कोकण रेल्वे ठप्प झाली. आमच्या तारकर्लीच्या घरी तेव्हा एक जर्मन नवरा-बायको राहत होते, दोघंही सत्तरीच्या घरात. कुडाळहून त्यांची रात्रीची मुंबईची गाडी होती आणि दुसऱ्या दिवशी रात्री मुंबईहून विमान. गाडी रद्द झाल्याचं कळलं तेव्हा आजोबा शांत होते. आजींनी मात्र पिशवीतून व्हिसाचा कागद काढला, तारीख पाहिली आणि त्या रडायलाच लागल्या. कागदावर १० जुलै होती. चार दिवसांपूर्वीच व्हिसा संपला, आता आपल्याला पकडणार, अशी त्यांची समजूत झाली.

शेजारची काकू दारात येऊन उभी राहिली. "गे वैनी, पोलिसांक कळवूक होया काय?" मलाही क्षणभर काही सुचेना.

मग पासपोर्ट उघडला आणि विमानतळावर मारलेला शिक्का दिव्याखाली धरला. त्या १७ जूनला आल्या होत्या आणि मुदत लिहिली होती १६ जुलै. म्हणजे अजून दोन दिवस हातात होते. ते दोन दिवस कसे वापरले, आणि त्याआधी व नंतर आलेल्या पाहुण्यांबरोबर जे शिकले, ते सगळं इथे लिहिते आहे. आपल्याकडे न्याहारी-निवास चालवणारी शेकडो घरं आहेत. पावसाळ्यात रेल्वे, घाट, वीज आणि नेटवर्क यांपैकी काय कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी पाहुण्याचा पहिला आधार आपण असतो, वकील किंवा वकिलात नाही.

आधी तारीख नीट वाचा

निम्मी घाबरगुंडी चुकीची तारीख वाचल्यामुळे होते. आजींच्या हातातला कागद म्हणजे ई-व्हिसा मंजूर झाल्याचं पत्र, ज्याला ईटीए म्हणतात. ३० दिवसांच्या ई-टूरिस्ट व्हिसाच्या ईटीएवर जी शेवटची तारीख असते, ती भारतात शिरण्याची शेवटची तारीख असते. राहण्याचे ३० दिवस पहिल्यांदा भारतात उतरल्या दिवसापासून मोजले जातात. त्यामुळे कागदावरची तारीख उलटून गेली तरी माणूस कायदेशीर मुदतीत असू शकतो. खरं उत्तर पासपोर्टवरच्या शिक्क्यात असतं.

मोजताना उतरल्याचा दिवस पहिला धरा. १७ जूनला उतरला तर जूनचे १४ दिवस आणि जुलैचे १६, म्हणजे १६ जुलै हा तिसावा दिवस. एक दिवस जास्त मिळेल या आशेवर हिशोब करू नका.

वकिलातीतून पासपोर्टवर चिकटवून मिळालेल्या जुन्या पद्धतीच्या टूरिस्ट व्हिसाचं उलट असतं. त्याची मुदत तो दिल्याच्या तारखेपासूनच सुरू होते, पाहुणा उतरो न उतरो. एक वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या ई-व्हिसावर व्हिसा लांबचा दिसला तरी सलग किंवा वर्षात किती दिवस राहता येईल याला मर्यादा असते. ती अट ईटीएवर आणि शिक्क्यावर पाहा. "पाच वर्षांचा आहे, मग काय घाई" असं म्हणणारे पाहुणे मला भेटले आहेत, आणि त्यांचेच दिवस आधी भरत आले होते.

आता मध्यरात्रीचा सापळा. मुंबईहून युरोपकडे जाणारी पुष्कळ विमानं रात्री बारानंतर सुटतात. व्हिसा १६ तारखेपर्यंत आणि विमान पहाटे दीडचं असेल, तर तिकिटावर १७ तारीख असते. पाहुणा म्हणतो, १६ च्या रात्री निघतोय. पण इमिग्रेशनच्या खिडकीवर तो किती वाजता पोचेल ते कोण सांगणार? बाराच्या आत खिडकी पार होईल या भरवशावर बेत आखू नका. तिकिटावरची तारीख हीच निघण्याची तारीख समजा.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या आंब्याच्या बागांत राखणीला असलेल्या नेपाळी भावांना व्हिसा लागत नाही. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांसाठी ही मुदतीची भानगड नाही. गाड्या बंद झाल्या म्हणून त्यांना कोणी घाबरवलं, तर हे सांगा.

मुदत कोण वाढवतं आणि कोण नाही

मुदतवाढ पोलीस ठाण्यात मिळत नाही. तहसीलदार देत नाही, एमटीडीसी देत नाही. पाहुण्याच्या देशाची मुंबईतली वकिलातही देऊ शकत नाही. पाहुण्यांना हे पटवायला वेळ लागतो, कारण अडचण आली की ते आधी आपल्याच वकिलातीला फोन करतात. वकिलातीचा उपयोग पासपोर्ट हरवला, पैसे संपले, घरच्यांशी संपर्क करायचा आहे, अशा गोष्टींसाठी जरूर होतो. पण भारताचा व्हिसा भारत सरकारच वाढवतं.

ते काम परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाचं आहे. सगळे त्याला एफआरआरओ म्हणतात. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असतं. सिंधुदुर्गासाठी ओरोस, रत्नागिरीसाठी रत्नागिरी शहर, रायगडसाठी अलिबाग. तिथली जिल्हा विशेष शाखा परदेशी लोकांची कामं बघते. २०१८ पासून अर्ज ऑनलाइन होतात, ई-एफआरआरओच्या सरकारी संकेतस्थळावर. बहुतेक वेळा कचेरीत जावंच लागत नाही. पाहुणा ज्या पत्त्यावर राहतो, त्यावरून अर्ज कुठे जायचा ते ठरतं. म्हणून खरा पत्ता द्यायचा. मोपा विमानतळ जवळ आहे म्हणून गोव्यातल्या हॉटेलचा पत्ता टाकू नका. राहायला मालवणात आणि अर्जात पणजी, हे जुळलं नाही की शंका सुरू होतात.

ई-टूरिस्ट व्हिसा एरवी वाढवून मिळत नाही आणि दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. "अजून महिनाभर राहावंसं वाटतं" या कारणाला तिथे जागा नाही. पण विमान रद्द झालं, रस्ता-रेल्वे बंद झाली, माणूस आजारी पडला, अशा अडचणीत कारण आणि पुरावे पाहून थोड्या दिवसांची सवलत देण्याचा अधिकार कार्यालयाला असतो. म्हणून पुरावा महत्त्वाचा.

पुरावा त्याच दिवशी गोळा करा

त्या रविवारी रात्री आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे मोबाइलवर आलेल्या गाडी रद्द झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट. नंतर मेसेज मागे पडतात, ॲपवरची माहिती बदलते, आणि दोन दिवसांनी रेल्वे सुरू झाली की "गाड्या तर चालू आहेत" असं चित्र दिसतं. दिवाणखवटीची लाइन दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालीच. पण त्यांचं विमान तोवर हातचं गेलं होतं. रात्रीत मोटारीने मुंबई गाठायची म्हटलं, तर करूळ घाट तेव्हा कामासाठी बंद होता, आणि असल्या पावसात रात्री फोंडाघाट चढायला आमचा गाडीवाला तयार नव्हता. त्याचं बरोबरच होतं. दोन म्हाताऱ्या माणसांना दरडींखालून पाठवणं मलाही पटलं नसतं.

एवढे कागद लागतात, आणि ते एका फाइलमध्ये एकत्र ठेवा. रद्द झालेलं रेल्वेचं किंवा बसचं तिकीट आणि त्याचा मेसेज. विमानाचं मूळ तिकीट. विमान कंपनीनेच विमान रद्द केलं असेल तर तसं सांगणारा ईमेल. फोनवर तोंडी सांगितलेलं धरू नका, कंपनीकडे लेखी मागा. नव्या तारखेचं तिकीट, कारण "कधी जाणार" हे सांगितल्याशिवाय मुदत किती द्यायची ते अधिकाऱ्याला ठरवता येत नाही. त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातली दरडीची बातमी कापून ठेवली तरी चालते. मी लोकल आवृत्तीचं पान जोडलं होतं. पाहुणा आजारी असेल तर डॉक्टरचं पत्र, त्यात "प्रवास करू नये" आणि किती दिवस, हे स्पष्ट हवं.

आणि सगळ्यात मोठा कागद आपल्या हातात असतो, तो म्हणजे सी फॉर्म (२०२५ च्या नव्या नियमांत त्याचं नाव फॉर्म ३ झालं, पण सगळे अजून सी फॉर्मच म्हणतात).

सी फॉर्म: आपली जबाबदारी, पाहुण्याची ढाल

परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवणं हे घरमालकाचं काम आहे. हॉटेल असो, न्याहारी-निवास असो, किंवा मुलाचा परदेशी मित्र चार दिवस राहायला आलेला असो. पुष्कळ जण "एका रात्रीचा तर प्रश्न" म्हणून टाळतात. मी कळकळीने सांगते, टाळू नका. मुदतवाढीच्या अर्जात राहण्याचा पुरावा लागतो, आणि भाड्याने खोली घेऊन राहणाऱ्या पर्यटकाकडे सी फॉर्मच्या प्रतीशिवाय दुसरं असतं काय? तो भरलेला नसेल तर सरकारी नोंदीत तुमचा पाहुणा तुमच्याकडे नाहीच.

घरमालकाने आधी त्या संकेतस्थळावर आपल्या घराची नोंदणी करावी लागते आणि ती मंजूर व्हावी लागते. हे काम दिवाळीआधी, हंगाम सुरू होण्यापूर्वी उरका. पाहुणा दारात उभा असताना नोंदणी करायला बसलात तर २४ तास कसे गेले ते कळणार नाही. फॉर्ममध्ये पासपोर्टचा आणि व्हिसाचा नंबर, मुदत, कुठून आला, कुठे जाणार, किती दिवस राहणार हे भरायचं असतं. पासपोर्टच्या फोटोच्या पानाची, व्हिसाची आणि शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स आल्या दिवशीच काढून ठेवा. शिक्का पुसट असेल तर उजेडात मोबाइलवर फोटो घ्या.

मुक्काम वाढला की नोंदही बदला. चार रात्रींसाठी आलेले पाहुणे दरडीमुळे नऊ रात्री राहिले, तर नोंदीत चारच राहायला नकोत. मधल्या काळात ते देवबागला दुसऱ्या घरी गेले, तर त्या घरमालकाने नवा फॉर्म भरायचा.

अर्ज भरताना

मुदत संपण्याआधी अर्ज गेला पाहिजे. हीच सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. रस्ता सुरू होईल, विमान मिळेल, मग बघू, असं म्हणत लोक थांबतात आणि तारीख ओलांडतात. तिकीट रद्द झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी अर्ज भरायला बसा. पुढे विमान लवकर मिळालं आणि मुदतवाढ लागलीच नाही, तर नुकसान काहीच नाही.

पत्ता टाइप करताना शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते पाहा. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट पुष्कळ आहेत. त्या दामदुप्पट पैसे घेतात, आणि अर्ज पुढे गेला की नाही हेही कळत नाही. आमच्या एका पाहुण्याने अशाच एका साइटवर पैसे भरले. दोन दिवस उत्तराची वाट पाहिली, ते आलंच नाही. त्या दोन दिवसांची किंमत पैशांपेक्षा जास्त होती.

पाहुण्याच्या स्वतःच्या ईमेलवर खातं उघडा, तुमच्या नाही. पुढची सगळी विचारणा आणि मंजुरी त्याच ईमेलवर येते, आणि तो विमानतळावर असताना ती त्याला उघडता आली पाहिजे. नवरा-बायको असले तरी दोघांचे अर्ज वेगळे. तान्ह्या मुलाचाही वेगळा.

पांढऱ्या पार्श्वभूमीचा पासपोर्ट साइज फोटो जेपीजीमध्ये लागतो, बाकी कागद पीडीएफमध्ये. फाइल मोठी झाली की साइट ती घेत नाही. मोबाइलवर काढलेले फोटो थेट टाकू नका. आमचं काम मालवणातल्या झेरॉक्सवाल्या मुलाने केलं. पावसात वीज गेलेली, त्याने इन्व्हर्टरवर स्कॅनर चालवला आणि एकेक पान छोटं करून दिलं. जवळच्या ई-सेवा केंद्रातही हे होतं. खेडेगावात वादळानंतर नेटवर्क नसेल तर कुडाळ, कणकवली, चिपळूण अशा मोठ्या गावी जाऊन करा. ज्या मोबाइलवर किंवा ईमेलवर ओटीपी येणार तो सोबत आणि चार्ज केलेला हवा.

कारण लिहायच्या रकान्यात गोष्ट सांगू नका. आम्ही साध्या इंग्रजीत सात-आठ ओळी लिहिल्या: कधी आलो, व्हिसा कधीपर्यंत, कुठली गाडी कुठल्या तारखेला का रद्द झाली, कुठलं विमान चुकलं, नवं तिकीट कुठल्या तारखेचं, किती दिवस हवेत, कुठे राहतोय. आजींना त्यात माफी मागायची होती. मी म्हटलं, दरड काय तुम्ही पाडलीत? त्या पहिल्यांदा हसल्या.

जेवढे दिवस लागतात त्याला दोन-तीन जोडून मागा. नवं तिकीट १९ चं आणि मुदतही १९ ची मागितली, तर पुन्हा तीच मध्यरात्रीची धाकधूक.

अर्ज गेला की अर्ज क्रमांक लिहून ठेवा आणि पावतीची छापील प्रत काढा. मग रोज सकाळ-संध्याकाळ ईमेल पाहा, स्पॅमसकट. अधिकारी एखादा कागद पुन्हा मागतात, आणि आपण उत्तर दिलं नाही तर अर्ज तिथेच थांबतो. आजींचा मेल तिसऱ्या दिवशी आला. प्रत्येकाचं इतक्या लवकर होईल असं धरून चालू नका. मुदत दोन दिवसांवर आली आणि काहीच हालचाल नसेल, तर पावती घेऊन पाहुण्यासोबत ओरोसला जा. घरमालक सोबत असला की बोलणं सोपं होतं. भाषा हे एक कारण, आणि आपल्या घरी राहणाऱ्या माणसाची साक्ष द्यायला आपण उभे आहोत हे दुसरं.

मंजुरी ईमेलने येते. तिची छापील प्रत पासपोर्टमध्ये ठेवायची आणि इमिग्रेशनवर न मागता दाखवायची.

तारीख उलटलीच तर

लपवू नका, पळू नका, आणि कोणी एजंट "शिक्का मारून देतो" म्हणाला तर त्याला घराबाहेर काढा.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू आहे, इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट २०२५. त्याने १९४६ च्या जुन्या फॉरिनर्स ॲक्टची जागा घेतली. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे मी घाबरवायला सांगत नाही. "एक-दोन दिवसांनी काय होतं" असं सहज म्हणणाऱ्यांसाठी सांगते आहे. आपणही परदेशी माणसाची माहिती दडवली तर आपल्यावर जबाबदारी येते.

मुदत संपलेली असेल तर त्याच ई-एफआरआरओ संकेतस्थळावर एक्झिट परमिटसाठी, म्हणजे देश सोडून जाण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करायचा. तिकीट, उशिराचं कारण आणि पुरावे तेच. किती दिवस उलटले त्यानुसार दंड भरावा लागतो. परमिट हातात आल्याशिवाय विमानतळावर जाऊ नका. तिथे समजूत काढू असं वाटतं, पण इमिग्रेशनची खिडकी ही विनंती करायची जागा नाही. माणसाला परत पाठवतात, विमान जातं आणि तिकिटाचे पैसेही बुडतात.

पासपोर्टच हरवला किंवा पुरात भिजून गेला, तर क्रम ठरलेला आहे: आधी पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत, मग वकिलातीकडून नवा किंवा तात्पुरता पासपोर्ट, मग एक्झिट परमिट. जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा आणि शिक्का गेलेला असतो. तेव्हा तुम्ही पहिल्या दिवशी काढलेली झेरॉक्स कामी येते.

सगळं जगच थांबतं तेव्हा

दरड एका जिल्ह्यापुरती असते. मार्च २०२० मध्ये भारताने नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानंच थांबवली आणि ती नियमितपणे सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. अशा वेळी गृह मंत्रालय स्वतःहून आदेश काढतं. २०२० मध्ये अडकलेल्यांना विनाशुल्क मुदतवाढ मिळत होती, पण त्यासाठी ऑनलाइन अर्ज करावा लागत होता. जून २०२१ मध्ये मात्र मार्च २०२० पूर्वी येऊन अडकलेल्यांचे व्हिसा ३१ ऑगस्टपर्यंत आपोआप वैध धरले गेले, नंतर ३० सप्टेंबरपर्यंत. दोन्हींत फरक आहे. पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सगळ्यांचं आपोआप वाढलं" असा निरोप फिरतो, तेव्हा मूळ आदेश उघडून दोनच गोष्टी शोधा: अर्ज लागतो की नाही, आणि आपला व्हिसाप्रकार त्यात आहे की नाही.

२३ जून २०२५ ला कतारने काही तास आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दोहामार्गे युरोपला जाणाऱ्यांचे बेत कोलमडले. इकडे कोकणात ऊन पडलेलं होतं, गाड्या चालू होत्या. अशा वेळी कुडाळ स्टेशनवरून काहीही सिद्ध होत नाही. विमान कंपनीचा ईमेल हाच पुरावा.

मार्ग बदलण्याचाही विचार करा. ई-व्हिसावर आलेला माणूस ठरावीक ठिकाणांहूनच आत येऊ शकतो, पण बाहेर जायला कुठलंही अधिकृत इमिग्रेशन नाकं चालतं. मुंबईचा रस्ता बंद असेल तर मोपाहून निघता येतं का ते पाहा. मालवणहून ते मुंबईपेक्षा खूप जवळ आहे. चिपीचं विमानतळ मात्र देशांतर्गतच आहे.

भाषेची अडचण आली तर पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते, आणि हिंदी-इंग्रजीशिवाय जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी धरून दहा परदेशी भाषांत बोलते. तातडीचं संकट असेल तर ११२. गाड्यांची चौकशी १३९ वर.

आजी-आजोबा १८ तारखेला दिवसाउजेडी फोंडाघाटातून निघाले, मुंबईत एक रात्र राहिले. निघण्याआधी आजींनी मुदतवाढीची प्रत तीन ठिकाणी ठेवली: पासपोर्टमध्ये, आजोबांच्या खिशात आणि मोठ्या बॅगेत. ते गेल्यावर मी संकेतस्थळ उघडून त्यांच्या निघण्याची नोंद केली. हे काम बहुतेक घरमालक विसरतात. पाहुणा गेला तरी कागदोपत्री आपल्याच घरी राहतो. चादरी बदलायच्या आधी तेवढं करून टाका.